ताटाची डावी बाजू

गेल्या आषाढातली गोष्ट. बाहेर पावसाची रिपरिप चालली होती आणि दवाखान्यात ओल्या छत्र्यांचा वास भरून राहिला होता. डॉक्टरांनी माझ्या दंडावरची पट्टी सोडली, यंत्रावरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाले,

"एकशे चौपन्नावर अठ्ठ्याण्णव. मागच्या खेपेलाही असंच होतं. साखर काठावर येऊन बसलीय, वजन चार किलोंनी वाढलंय. गोळी वाढवण्यापूर्वी एक काम करा. पंधरा दिवस जे जे पोटात जाईल, ते ते लिहून आणा."

लिहून आणा! वाचकहो, ज्याने पस्तीस वर्षे बँकेत खतावणीखेरीज दुसरे वाङ्मय वाचले नाही आणि त्यातली शेवटची बारा वर्षे तपासनीस म्हणून दुसऱ्यांच्या चुका हुडकण्यात घालवली, त्याला हे सांगणे म्हणजे भटजींना स्नान करून या म्हणण्यासारखे आहे. घरी येताना वाटेतच मी दोनशे पानी वही विकत घेतली आणि रात्री जेवणापूर्वी तीत रकाने आखले: वेळ, जिन्नस, माप, उष्मांक.

पण या उत्साहाखाली एक भीती होती, ती सांगितलेली बरी. माझे थोरले बंधू असेच "थोडंसं वाढलंय इतकंच" म्हणत राहिले आणि एका पहाटे त्यांना अंथरुणावरून उठता येईना. उजवी बाजू गेली. पुढची दोन वर्षे वहिनींनी त्यांना चमच्याने भरवले. दादा गेल्यावर, भेटायला आलेली माणसे पांगल्यावर, वहिनींनी मला हळूच विचारले होते, "भाऊजी, माझ्या हातानं मीठ जास्त पडत होतं का हो?" मी "भलतंच काय वहिनी!" म्हणून विषय उडवून लावला. खरे म्हणजे उत्तर मला ठाऊक नव्हते.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे होते. वहीत लिहिले, 'पोहे, दीड वाटी'. आणि पेन थांबले. पोह्यांत मोहरी होती, जिरे होते, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन मिरच्या होत्या. त्यांचे काय करायचे? बँकेतल्या आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात शिकवले होते की हिशेबात पैसा चुकला तर तो पैसा शोधायचा, खिशातून भरायचा नाही. मग मोहरी तरी का सोडायची?

त्यात मी कोष्टक पाहिले आणि आणखीच घाबरलो. आपल्याकडच्या अन्नपदार्थांचे असे कोष्टक प्रथम १९३७ साली डॉ. ॲक्रॉइड यांनी निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध केले. ती संस्था १९५८ साली हैदराबादला गेली; तिथून १९७१ साली डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे पुस्तक निघाले आणि २०१७ साली सगळे पृथक्करण नव्याने करून नवे कोष्टक आले. माझ्याजवळ आहे ते १९७१ चे, जुन्या बाजारात मिळालेले. त्यात मसाल्यांचा वेगळा वर्ग आहे. पाहतो तो काय, शंभर ग्रॅम हळदीचे उष्मांक साडेतीनशेच्या घरात, आणि शंभर ग्रॅम पोह्यांचेही तेवढेच! वजनास वजन लावले तर हळद आणि पोहे सारखे. मोहरी तर पाचशेच्या पुढे.

झाले. सूनबाई केक करते, त्यासाठी तिने एक छोटा वजनकाटा आणला आहे. तो घेऊन मी स्वयंपाकघरात शिरलो.

"मोहरी किती घेतलीस?"

"घेतली चिमूटभर," सौ. म्हणाली.

"चिमूट म्हणजे किती ग्रॅम?"

"तडतडायला लागलीय ती आता. थांबवू का?"

त्या दिवसापासून आमच्या घरी मिसळणाच्या डब्यातली प्रत्येक चिमूट आधी काट्यावर आणि मग कढईत असा रिवाज सुरू झाला. फोडणी दोनदा जळली. तिसऱ्यांदा जळली तेव्हा सौ. काही बोलली नाही, आणि ते न बोलणे मला कळायला हवे होते.

पंधरा दिवसांतल्या पहिल्या आठवड्याचा गोषवारा काढला. हळद, तिखट, मोहरी, जिरे, हिंग, धनेपूड आणि गोडा मसाला मिळून माझ्या वाट्याला रोज सरासरी साडेतीन ग्रॅम येत होते. उष्मांक अकरा-बारा. एका मध्यम पोळीचे ऐंशी ते शंभर धरतात; म्हणजे दिवसभराचा सगळा मसाला मिळून पोळीचा एक घास होईना.

तरीही माझा संशय फिटला नाही, कारण मध्यंतरी शेजारच्या बिऱ्हाडातले काका येऊन बसले आणि ठामपणे सांगून गेले की रक्तदाबाचे मूळ मसालेदार खाण्यात आहे, माणूस तापट होतो तो त्यानेच. आकडा समोर असताना मी आकड्यावर विश्वास ठेवला नाही, शेजाऱ्यावर ठेवला. तपासनिसाला न शोभणारी गोष्ट, पण घडली खरी. चातुर्मास लागतच होता. लोक कांदा-लसूण सोडतात, मी मसाला सोडला.

सौ.ने वाद घातला नाही. तिने फक्त गोड्या मसाल्याची बरणी उचलली आणि माळ्यावर ठेवून दिली. हा मसाला ती दर उन्हाळ्यात घरी करते. धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, लवंग, दालचिनी, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, दगडफुलाला तेलाचा नुसता हात लावायचा, हे सारे ती तिच्या आईकडून शिकली. लग्न होऊन आली त्या वर्षी अशीच एक बरणी तिच्याबरोबर आली होती. त्या रात्री दिवा मालवल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुमचं रक्त मी चढवलं म्हणायचं."

मला वहिनी आठवल्या. काय बोलावे सुचेना, म्हणून मी झोपल्याचे सोंग घेतले.

पुढचे आठ दिवस आमटी पिवळी आणि मुकी होती. भाज्या उकडलेल्या. जेवण झाल्यावर जेवल्यासारखे वाटेना. आणि खरे सांगायचे तर दुपारी चारच्या सुमारास, घरात सामसूम असताना, माझा हात फरसाणाच्या डब्यात जाऊ लागला. एक मूठ, कधी दोन. वहीत त्याची नोंद 'किरकोळ' म्हणून केली. बँकेतल्या लोकांना 'किरकोळ' खाते म्हणजे काय चीज असते, हे वेगळे सांगायला नको. जे जे कुठे दाखवायचे नसते, ते ते तिथे घालतात.

पंधरवडा संपला तेव्हा वजन तसूभर हलले नव्हते, आणि रक्तदाब दोन घरे वरच होता. डॉक्टरांनी वही वरवर चाळली आणि मला त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा येणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. बाई म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. तिने वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि 'मोहरी, शून्य दशांश आठ ग्रॅम' इथे तिला हसू आवरेना.

"काका, मोहरी आहे, हिंगसुद्धा आहे. तेल कुठे आहे?"

"ते पोह्यांच्या आकड्यात धरलेलं असणार," मी म्हटले. मुलाच्या मोबाइलवर एक यादी आहे, तीत 'पोहे, एक वाटी' असा तयार आकडा मिळतो, तो मी उतरवला होता.

"पण ते पोहे कुणाच्या घरचे? काकूंनी किती तेल घातलं, हे मोबाइलला कसं कळणार?" मग पान उलटून, "मिठाचा रकाना?"

"मिठाला उष्मांक नसतात. शून्य लिहून रकाना कशाला वाया घालवा?"

"आणि हे काय? 'चटणी, लोणचं, पापड, कूट: मसाल्यात धरले, किरकोळ.'"

मी गप्प. तिने वही मिटली आणि म्हणाली, "काका, तुम्ही ताटाची उजवी बाजू लिहिलीत. डावी लिहिलीच नाहीत."

वाचकहो, मी मुंजीत पंगत वाढलेला माणूस. ताट कसे वाढायचे हे मला लहानपणी शिकवले आहे: वर मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. डावीकडचे सारे बोटाने चाखायचे, चिमटीचिमटीने खायचे. म्हणून ते मोजण्याजोगे नाही, असा आपला सगळ्यांचाच समज असतो. मी मोहरीचे दाणे काट्यावर तोलत होतो, आणि ताटाची अख्खी एक बाजू 'किरकोळ' खात्यावर टाकत होतो!

घरी येऊन मी डावी बाजू काट्यावर ठेवली. शेंगदाण्याची चटणी पोळीबरोबर दोन चमचे लागते, तीही शीग लावून. वजन भरले वीस ग्रॅम. शेंगदाण्याचे उष्मांक शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर असतात. म्हणजे दोन चमच्यांतच शंभराच्या वर, एका पोळीहून जास्त, आणि भाकरी असली की वर कच्चे तेल. तिळाची चटणी त्याच मापाची. सुक्या खोबऱ्याची तर त्याहून जड, कारण सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून अधिक तेलच असते. काकडीच्या कोशिंबिरीत काकडी जवळजवळ फुकट. पण तिच्यातले मूठभर कूट आणि वरची फोडणी फुकट नव्हे. मेतकूट स्वतः गरीब, डाळी-तांदळाचेच पीठ ते. मात्र ते कधी एकटे येत नाही, तूप बरोबर घेऊन येते. आणि भाजीत चिमूटभर साखर, आमटीत सुपारीएवढा गूळ, तोही दोन्ही वेळा. यांतले काहीही मसाला नव्हे. पण आपण त्याला मसाल्याच्या पंक्तीला बसवतो, कारण तेही 'चवीपुरते' घालतात.

यामागचे शास्त्र तसे साधे आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन या गावी विल्बर ॲटवॉटर नावाचे प्राध्यापक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी माणूस आत राहू शकेल एवढी खोलीच उष्णतामापक म्हणून तयार केली. माणसाला तीत दिवसचे दिवस ठेवायचे, अन्न मोजून द्यायचे आणि त्याच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता मोजायची. त्या खटाटोपातून जे ढोबळ आकडे निघाले तेच जग आजही वापरते: पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांचे ग्रॅमला चार, स्निग्ध पदार्थांचे नऊ. हे आकडे मुळात ढोबळ. त्यात आमच्या सौ.ची एक पोळी दुसरीपेक्षा पाच ग्रॅमने जाड, तिथेच पंधरा उष्मांकांचा फरक पडला. ज्या तराजूत पंधराची चूक चालते, त्यात बारा उष्मांकांचा मसाला घालून काय समजणार? बँकेत असे कुणी केले असते, तर मीच शेरा मारला असता. आणि त्याच तराजूत तेलाची एक पळी, मी मोजली ती चौदा ग्रॅम भरली, म्हणजे सव्वाशे उष्मांक!

तरीही रोज पळी मोजणे मला झेपेना आणि सौ.ला सोसेना. तेव्हा एक जुनी युक्ती आठवली. शाखेतला रोजचा गोंधळ निस्तरत नसला की आम्ही आधी महिन्याची आवक-जावक पाहत असू. तसे वाण्याचे बिल काढले. चौघांच्या घरात महिन्याला तेल साडेतीन लिटर, वजनाने सुमारे बत्तीसशे ग्रॅम. भागिले चार, भागिले तीस: माणशी रोज साडेसव्वीस ग्रॅम, जवळजवळ दोनशे चाळीस उष्मांक. तळणीचे उरलेले थोडे वजा करा. तरी मसाल्याच्या अकरा-बारांपुढे हा आकडा पाहून मी खजील झालो.

मग मीठ. किलोचा पुडा सव्वीस दिवस पुरला होता. म्हणजे माणशी रोज साडेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी. सपाट चहाचा चमचा, बस. शिवाय या साडेनऊत विकतचे लोणचे नाही, पापड नाही, पाव नाही आणि माझे चारचे फरसाण तर नाहीच. पापडात मिठाखेरीज खारही असतो. खार काय, खायचा सोडा काय, त्यांतही सोडियम आहेच. मिठाचा चाळीस टक्के भाग सोडियमचा. ते रक्तात वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, नळीत पाणी जास्त झाले की दाब वाढतो. उष्मांक शून्य म्हणून ज्याला मी रकाना दिला नव्हता, तोच माझ्या दुखण्याचा मोठा भागीदार निघाला.

मीठ सोडण्याच्या बाबतीत आपल्याकडे थोर उदाहरण आहे. १९३० साली दांडीला ज्यांनी मूठभर मीठ उचलले, त्या गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना मीठ आणि डाळी दोन्ही वर्ज्य केल्या होत्या. कस्तुरबांच्या आजारपणात ते त्यांना या दोन गोष्टी सोडायला सांगत होते. तुम्हांला तरी सोडवतील का, असे बा म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच क्षणी वर्षभरासाठी सोडून दाखवल्या. आम्हां सामान्यांना हे जमणारे नाही, आणि त्या आहारतज्ज्ञ मुलीने ते मागितलेही नव्हते. ती म्हणाली, "मीठ कमी करायचं तर मसाला वाढवा, काका! काकूंचा तो गोडा मसाला, जिरं, हिंग, ओवा, लिंबू, आमसूल, हेच तर तुमचे सोबती. तुम्ही नेमके सोबतीच घराबाहेर काढलेत. मीठ हळूहळू उतरवा, जिभेला काही आठवड्यांत सवय होते."

शेजारच्या काकांनी मध्येच कमी सोडियमचे मीठ आणून दिले होते. त्याविषयी मी विचारले हे बरे झाले. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्यावाचून घरात आणू नये. सैंधवाचेही कौतुक फार ऐकतो, पण तेही मुख्यतः मीठच. आयोडीनयुक्त मिठाची गोष्ट वेगळी. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून गलगंडावरचा त्याचा गुण सिद्ध झाला. तेव्हा मीठ तेच ठेवायचे, फक्त कमी.

त्या संध्याकाळी मी स्टूल घेतले आणि माळ्याखाली लावले.

"काय करताय?" सौ. धावत आली. "चढू नका, चक्कर येईल!"

"बरणी काढतोय."

"कशाला? आता तीही काट्यावर ठेवायची आहे?"

मी वही तिच्या हातात दिली. मसाल्याचा रकाना मी उभी रेघ मारून खोडला होता आणि त्याजागी दोनच नवे केले होते: तेल आणि मीठ. डाव्या बाजूसाठी स्वतंत्र पान. तिने ते चष्मा लावून नीट वाचले. 'अकरा-बारा उष्मांक' या आकड्यावर तिचे बोट जरा जास्त वेळ थांबले. मग म्हणाली, "खाली उतरा आधी. मुलगा आला की काढेल."

दुसऱ्या दिवशी आमटीला वास आला. मीठ निम्मे होते, आमसूल एक जास्त, मसाला पूर्वीपेक्षा थोडा अधिकच. फोडणी एका चमच्याची, वरून घातलेली. मसाल्याच्या वासाची द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात चांगली उतरतात, म्हणून फोडणीला तेल हवेच. पण त्या कामाला चमचा पुरतो, पळी लागत नाही, हा शोध सौ.चा. कणकेत मीठ घालणे तिने बंद केले, कुणाच्याही लक्षात आले नाही. शेंगदाण्याची चटणी आहे, पण आता चमचा सपाट असतो. मीठ ताटात वाढायचे बंद झाले. चारच्या फरसाणाबद्दल मी कबुली दिली, तर ती म्हणाली, "डबा कसा उतरतोय ते मला दिसत नव्हतं असं वाटलं का तुम्हांला?"

सारे सुरळीत झाले असे नाही. मुलगा पहिल्या आठवड्यात भाजीवर वरून मीठ घेऊन खाई. पाहुणे आले की सौ.चा हात जुन्या अंदाजावर जातो. अळणी वाढले असे कुणी म्हणू नये ना! आणि दिवाळीच्या चिवड्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. परवा डॉक्टरांनी पाहिले तेव्हा एकशे अडतीसवर शहाऐंशी होते, वजन अडीच किलो उतरलेले. गोळी आहे तीच राहिली. रोजचे फिरणेही वाढवले आहे, त्यामुळे श्रेय कुणाचे किती हे मी सांगू शकत नाही.

घटस्थापनेला मी वहिनींकडे गेलो होतो. त्यांना सगळी हकीकत सांगितली. लिटर, ग्रॅम, सव्वीस दिवस, सगळे. त्यांनी ऐकून घेतले आणि मग त्यांच्या जुन्या प्रश्नाकडे मीच आलो. म्हटले, "वहिनी, दादांना लोणच्याचा खार पोळीला लावून खायची सवय होती. ऑफिसातून येताना खारे दाणे आणत. ते तुमच्या हातचं नव्हतं." त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी ताक आणले. मीठ न घातलेले, वर भरडलेले जिरे.

मिठाचा मागचा पुडा चाळीस दिवस पुरला. माणशी सव्वासहा ग्रॅम; पाचावर अजून आलेलो नाही. नवा पुडा फोडायला काल मी स्वयंपाकघरात गेलो, तारीख लिहायला पेन्सिल घेऊन. पुडा आधीच फोडलेला होता, बरणीत रिकामा केलेला, आणि बरणीच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली होती. सौ.च्या अक्षरात: 'मीठ. ३ तारीख, सकाळ.' शेजारच्या गोड्या मसाल्याच्या बरणीवर काहीच लिहिलेले नव्हते.